मोतीबिंदूचे सोबती

ज्या गावात नेत्रतपासणीचे शिबिर भरते त्या गावात दुपार कलल्यावर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. सकाळी नातवाचा हात धरून आलेला एखादा म्हातारा डोळ्यांत थेंब घालून घेतो, बोटाला टोचून घेतो, दंडाला पट्टा बांधून घेतो. आणि बरोबरची मंडळी शस्त्रक्रियेसाठी गाडीत बसत असता हा मात्र हातात एक चिठ्ठी घेऊन पायी घराकडे वळतो. वाटेत कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, "शुगर निंगली म्हनते, बापा. आपरेशन नाही होत म्हने." ती चिठ्ठी मग रेशनकार्डाबरोबर पेटीत जाते, आणि म्हातारा पुन्हा खाटेवर. 'साखर उतरल्यावर या', असे चिठ्ठीवर लिहिलेले असते. पण ते वाचावयास डोळे नसतात, आणि ज्याला डोळे आहेत तो कामावर गेलेला असतो.

श्रोतेहो, आमचे म्हणणे एवढेच आहे की, त्या दिवशी शिबिरात कोणाला काही मोलाचे मिळाले असेल तर ते या म्हाताऱ्याला मिळाले. इतरांना एक डोळा मिळाला. याला आपल्या देहात काय चालले आहे ते प्रथमच कळले. दुःख त्याला परत पाठविल्याचे नाही. तो पुन्हा आला नाही, याचे आहे. मोतीबिंदू हा म्हातारपणी क्वचितच एकटा येतो. त्याचे सोबती असतात. काही त्याच्या आधी येऊन बसलेले, काही त्याच्या आडोशाने लपलेले, तर काही त्याच्यामुळेच घरात शिरलेले. या सोबत्यांची ओळख करून देण्यासाठीच आज हा विषय आम्ही निवडला.

प्रथम मूळ पाहुण्याविषयी दोन शब्द. डोळ्याच्या बाहुलीमागे मसुरीच्या आकाराचे एक पारदर्शक भिंग असते. ते प्रामुख्याने पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असून त्यातील प्रथिनांची मांडणी इतकी नेटकी असते की उजेड त्यातून आरपार जातो. वयपरत्वे ही मांडणी विसकटते. अंड्यातील पांढरा भाग उष्णतेने शिजला की जसा दुधाळ होतो, तशी काहीशी गत या भिंगाची हळूहळू होते. वय हे मुख्य कारण. पण जन्मभर उघड्या रानात कपाशीच्या ओळीतून फिरताना अंगावर घेतलेले ऊन, विडीचा धूर आणि स्त्रियांच्या बाबतीत चुलीचा धूर यांचाही मोतीबिंदूशी संबंध आढळलेला आहे. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील माणसांच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व हे न काढलेल्या मोतीबिंदूमुळे आहे, असे दिसून आले. म्हणजे तीन आंधळ्यांपैकी दोघे असे, की ज्यांचे आंधळेपण उपायाने जाण्यासारखे आहे. त्यातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. घरात एकच खेप शहराला जाणार असेल तर ती कोणासाठी होते, हे आम्ही सांगावयास नको.

एक गंमत जाता जाता सांगतो. कधी कधी साठी ओलांडलेली बाई एके दिवशी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवू लागते. घरात कौतुक होते, की बुढीला नवी दृष्टी आली. वस्तुतः भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागल्यामुळे जवळचे काही दिवस स्पष्ट दिसते, इतकेच. ही मोतीबिंदूचीच चाहूल असते. आणि चष्म्याचा नंबर असा अचानक पालटण्यामागे दुसरेही एक कारण असू शकते. ते कारण म्हणजे आमचा पहिला सोबती, मधुमेह.

मधुमेहात रक्तातील साखर वाढली की ती डोळ्यातील भिंगातही शिरते. तेथे तिचे सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होते. हा पदार्थ भिंगाबाहेर सहजी पडत नाही आणि आपल्याकडे पाणी ओढून घेतो. भिंग फुगते, त्याच्या तंतूंची वीण उसवते आणि मोतीबिंदू इतरांपेक्षा काही वर्षे आधीच गाठतो. साखर वरखाली होत राहिली तर नंबरही वरखाली होतो. महिन्याभरापूर्वी केलेला चष्मा आज चालेनासा होतो आणि दोष चष्मेवाल्याला लागतो.

पण मधुमेहाचा खरा घात भिंगात नसतो, तो त्याच्या मागे असतो. आपण कल्पना करा, की खिडकीची काच धुरकट झाली आहे आणि आतल्या भिंतीवरचे चित्रही ओल येऊन खराब झाले आहे. काच बदलली तरी चित्र दिसावयाचे ते खराबच दिसणार. डोळ्याच्या मागल्या भिंतीवर दृष्टिपटल नावाचा पडदा असतो. मधुमेहाने त्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, त्यांतून रक्त येते, पडद्याला सूज चढते. भिंग स्वच्छ असेल तर डॉक्टरांना हे वेळीच पाहता येते. भिंग दुधाळ झाले की रोग्याला बाहेरचे दिसत नाही तसे डॉक्टरांना आतले दिसत नाही. याकरिता मोतीबिंदू पुरता दाट होण्यापूर्वीच दाखविणे बरे. याच पाहणीच्या काळात झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे १२ टक्के लोकांना मधुमेह आढळला, आणि त्या मधुमेह्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर त्याच्या खुणा होत्या. शस्त्रक्रियेनंतर "आपरेशन बिघडलं" अशी जी ओरड होते, तिच्यातील काही प्रकरणांत आपरेशन बिघडलेले नसते. चित्र आधीच बिघडलेले असते. साखर भरमसाट असताना शस्त्रक्रिया केली तर जखमेत जंतू शिरण्याचे भय वाढते आणि पडद्याची सूजही बळावू शकते. डॉक्टर 'साखर उतरवून या' म्हणतात ते याच कारणाने.

दुसरा सोबती नावाने मोतीबिंदूचा सख्खा भाऊ वाटतो, पण स्वभावाने अगदी निराळा आहे. तो म्हणजे काचबिंदू. दोघांच्याही नावात 'बिंदू' आल्यामुळे आपल्याकडे फार मोठा घोटाळा झालेला आहे. लोक समजतात की आधी मोतीबिंदू होतो, तो जुना झाला की काचबिंदू होतो, आणि एकाच आपरेशनात दोन्ही निघतात. तसे नाही. मोतीबिंदू हा भिंगाचा दोष. काचबिंदू हा डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा. डोळ्यात एक द्रव सतत पाझरत असतो आणि बारीक वाटेने बाहेर जात असतो. ती वाट अरुंद झाली की डोळ्यात दाब वाढतो आणि नस सुकत जाते. माणसाला समोरचे दिसत राहते, बाजूचे मात्र हळूहळू नाहीसे होते. बाजूने आलेला बैल अंगावर येईपर्यंत दिसत नाही. दुखणे नाही, लाली नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. उरलेली राखता येते, एवढेच. तीही जन्मभर औषधाचे थेंब घालून, किंवा लेसर वा शस्त्रक्रिया करून.

आता ज्या घरात म्हातारी माणसे आहेत त्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. मोतीबिंदू कितीही दाट झाला तरी तो पूर्ण अंधार करीत नाही. अंधाऱ्या खोलीत त्या डोळ्यासमोर बॅटरी धरली, तर उजेड आहे की नाही, आणि तो कोणत्या बाजूने येतो आहे, हे मोतीबिंदूच्या रोग्याला सांगता येते. ते सांगता येत नसेल तर भिंगामागे आणखी काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे आणि त्या डोळ्याकरिता एक दिवसही घालवू नये. ही परीक्षा डॉक्टरही करतात. घरी केलेली परीक्षा त्यांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पण उठून जाण्याची घाई किती करावयाची, ते तिच्यावरून कळते.

याच ठिकाणी 'मोतीबिंदू पिकू द्यावा' या जुन्या समजुतीचा समाचार घेणे प्राप्त आहे. या समजुतीला एके काळी आधार होता. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला मोठा छेद द्यावा लागे, टाके पडत, काही दिवस डोळे बांधून उताणे पडून राहावे लागे, आणि भिंग काढल्यावर त्याची भरपाई बाटलीच्या बुडासारख्या जाड चष्म्याने करावी लागे. थोडे दिसत असेल त्याने हा खटाटोप का करावा? पुरते दिसेनासे झाल्यावर करावा, हे त्या काळी शहाणपणाचेच होते. ज्या नातवंडांनी आपल्या आजोबांचे त्या चष्म्यामागचे मोठाले डोळे पाहिले आहेत त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी प्रथमच डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कपचे शिरले होते आणि डोळ्यांनी ते सोसले होते, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छिद्रातून ओढून घेण्याची रीत काढली. आज लहान छेदातून, बिनटाक्याची, फक्त डोळा बधिर करून शस्त्रक्रिया होते आणि पुष्कळदा त्याच दिवशी माणूस घरी येतो. तेव्हा पिकण्याची वाट पाहण्याचे कारण संपले आहे. धोका मात्र शिल्लक आहे. फार पिकलेले भिंग फुगून द्रवाची वाट अडविते, आणि एका रात्रीत डोळ्यातील दाब चढतो. डोळा लाल, कपाळ फुटल्यासारखे, वरून वांत्या. घरचे समजतात पित्त झाले आणि लिंबूपाणी देतात. सकाळपर्यंत नस मेलेली असू शकते. म्हाताऱ्या माणसाला डोळा लाल होऊन डोकेदुखी आणि वांती झाली, तर ते पित्त नव्हे असे धरून चालावे आणि रात्रीच वाहन काढावे.

रक्तदाब आणि हृदयविकार या सोबत्यांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. ते आपल्या परिचयाचे झाले आहेत. रक्तदाब फारच चढलेला असेल तर डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. हृदयाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये; मोतीबिंदूच्या आजच्या शस्त्रक्रियेसाठी ती बहुधा बंद करावीही लागत नाही. जुना खोकला असेल तर तो मात्र आधी सांगावा. टेबलावर पंधरा मिनिटे उताणे, न हलता पडून राहता आले पाहिजे, आणि ऐन वेळी ठसका लागला तर डॉक्टरांचा हात कितीही स्थिर असून उपयोग नाही.

या खोकल्यावरून औषधांच्या पिशवीची गोष्ट निघते. आमच्या मते तपासणीला जाताना आधारकार्डापेक्षाही ही पिशवी महत्त्वाची. घरात ज्या ज्या गोळ्या, पुड्या, बाटल्या असतील त्या सर्व एका पिशवीत भराव्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओताव्या. लाज बाळगू नये. दोन उदाहरणे देतो. म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडते म्हणून टॅम्सुलोसिन नावाची गोळी पुष्कळदा दिलेली असते. तिचा डोळ्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली एकाएकी आकसते. २००५ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी हे प्रथम उजेडात आणले. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारीने बसतात, माहीत नसेल तर पेचात सापडतात. गोळी पूर्वी घेऊन सोडली असली तरी सांगावे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. गुडघे दुखतात, दमा उठतो, म्हणून आठवडी बाजारात किंवा एखाद्या 'हमखास गुणवाल्या' माणसाकडून बिननावाची पुडी आणली जाते. तिने दोन दिवसांत म्हातारा चालू लागतो. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य हाती ते जीव वाचविते. पण मोजमापाशिवाय ते महिनोन् महिने पोटात गेले तर मोतीबिंदू आणते, डोळ्यातील दाब वाढवून काचबिंदू आणते, आणि रक्तातील साखरही चढविते. म्हणजे आज आम्ही ज्या तीन पाहुण्यांची नावे घेतली ती तिन्ही एकाच पुडीतून घरात येतात. आणि ती पुडी एकाएकी सोडणेही धोक्याचे, म्हणून तीही पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावी.

आपल्या झरी जामणी तालुक्यापुरती येथे एक विशेष अडचण आहे. मुकुटबन, पाटणच्या बाजाराला येणारी कित्येक वृद्ध माणसे घरी कोलामी किंवा गोंडी बोलतात, पैनगंगेच्या बाजूची काही तेलुगू बोलतात. डॉक्टर मराठी किंवा हिंदीत विचारतो, "काही आजार आहे का? औषध चालू आहे का?" म्हातारी मान हलविते. त्या मान हलविण्याचा अर्थ हो की नाही, हे कागदावर लिहिणाऱ्यालाही कळत नाही. कोलाम समाजाची गणना महाराष्ट्रातील विशेष दुर्बळ अशा तीन आदिवासी जमातींत केली जाते. त्यांच्या पोडावरचा माणूस प्रथम शिबिराला येतो तेव्हा त्याला डोळ्यापेक्षा दुभाष्याची गरज अधिक असते. शाळेत जाणारे एखादे पोर बरोबर आले तर ते काम होते. हे काम करण्यास पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता शेवटचे काही सोबती असे, की जे मोतीबिंदूमुळेच येतात. पहिला पडणे. उंबरठा दिसला नाही, न्हाणीत पाय घसरला, आणि खुब्याचे हाड मोडले. म्हातारपणी हे मोडलेले हाड माणसाला किती लवकर संपविते, हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील ३०६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. काहींचा मोतीबिंदू लगेच काढला, काहींना नेहमीच्या यादीत वाट पाहावयास ठेवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

दुसरा सोबती बुद्धिभ्रंश. येथे आम्ही जपून बोलणार आहोत. अमेरिकेतील सिॲटल येथे मोतीबिंदू असलेल्या, पासष्टीपुढील ३,०३८ लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांच्यात बुद्धिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. शस्त्रक्रियेनेच तो कमी झाला असे यावरून सिद्ध होत नाही, कारण ज्यांची प्रकृती मुळात बरी असते तेच शस्त्रक्रियेला उभे राहतात, असेही असू शकेल. परंतु घरातला अनुभव काय सांगतो? ज्याला चेहरे ओळखू येत नाहीत तो नावे चुकवितो. ज्याला दिवस की रात्र ते नीट कळत नाही तो भलत्या वेळी उठून दार उघडतो. त्याला कमी ऐकू येत असेल तर अधिकच पंचाईत, कारण बहिरा माणूस बोलणाराच्या ओठांकडे पाहून अर्धे समजून घेत असतो, आणि ते ओठच दिसेनासे झालेले असतात. मग तो बोलणे सोडतो, जेवताना हात आखडता घेतो, आणि घरचे म्हणतात, "आबाजीले आता समजत नाही." समजत नाही की दिसत नाही, याचा निवाडा डोळा तपासल्यावाचून करू नये.

या सर्वावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. २००० साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक मोतीबिंदूच्या रोग्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट रक्त, हृदय वगैरे तपासल्याने शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित होत नाही. तपासलेल्यांत आणि न तपासलेल्यांत गुंतागुंत सारखीच झाली. मग हे टोचणे, हे पट्टे कशाला? उत्तर असे, की त्या देशातील रोग्याची साखर आणि रक्तदाब त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला आधीच ठाऊक असतो. आपल्याकडे कित्येकांच्या बोटाला जन्मात पहिल्यांदा टोचले जाते ते मोतीबिंदूच्याच निमित्ताने. पाय सुन्न झाले म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, तहान फार लागते म्हणून तर नाहीच; नातवाचे तोंड दिसेना, म्हणजे जातो. मधुमेहाला शेवटी डोळ्याच्या दारातूनच पकडावे लागते.

उरला प्रश्न वेळेचा. थंडीतच डोळा करावा, उन्हाळ्यात तो 'पाणावतो', ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मोठी जखम, टाके, घाम, माशा यांच्या काळात ती जन्मली असावी, असा आमचा तर्क आहे. आजच्या शस्त्रक्रियेला ऋतू नाही. डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ न देणे, थेंब वेळेवर घालणे, हे बाराही महिने सारखेच. आणि थंडीत आपल्याकडे काय असते? दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आणि त्याहीपुढे कापसाची वेचणी. घरातला चालता माणूस रानात, म्हाताऱ्याला नेणार कोण? आज मात्र उलंगवाडी झाली आहे, कापूस घरातून गेला आहे, आणि मृग लागावयास अजून अवकाश आहे. चिठ्ठी पेटीतून काढावी. आशाताईंना दाखवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढील कोणाचीही साखर आणि रक्तदाब फुकट मोजतात, गोळ्याही तेथे मिळतात. नेमाने घेतल्या तर काही आठवड्यांत पुष्कळांची साखर आवाक्यात येते. मग वणीला, पांढरकवड्याला किंवा यवतमाळला, जेथे पाठवतील तेथे, औषधांची पिशवी आणि ती जुनी चिठ्ठी दोन्ही बरोबर घेऊन जावे. पेरणीच्या गडबडीत घर ओस पडण्यापूर्वी थेंब घालण्याचे पहिले आठवडे उरकून जातील, आणि तिफण निघेल त्या दिवशी बैलांना हळद-कुंकू लावायला म्हातारा स्वतः अंगणात येईल.